वजनाची बाय

वजनाची बाय माणसाकडे बघताना तोंडापासून सुरुवात करायची नाही. आधी दंड, मग मान, मग पोटरी, आणि झालंच तर सगळ्यात शेवटी तोंड. तोवर तिच्या डोक्यात आकडा तयार झालेला असायचा. पहिल्यांदा माझ्या गाडीत चढली तेव्हा पायरीवरच थांबून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "एकसष्ट. चपला काढल्या तं साडेसाठ." मुरबाडला उतरल्याबरोबर मी एका धान्याच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. साठ किलो सातशे ग्रॅम. परतीच्या फेरीला तिला ते ऐकवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मधी दोन तास वरडत व्हताव ना. तेवढं गेलं."

मी तेव्हा मुरबाडहून टोकावड्यावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या एसटीवर कंडक्टर होतो. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. गाडी बावन्न आसनांची आणि माणसं एकशे बावन्न, शेळ्या वेगळ्या. शेवटच्या माणसाला तिकीट देईपर्यंत पहिल्याच्या दाढीला पांढरा केस आलेला असायचा. अशा गाडीत माणसं उभी राहून चिडायला लागली की मी त्यांना काहीतरी सांगायचो. चढावर दम लागलेल्या म्हशीला मी अर्ध्या तिकिटावर वर घेतलं आणि ती खिडकीजवळची जागा सोडीना, ही हकिकत मी निदान चारशे वेळा सांगितली असेल. पुढे पुढे त्या म्हशीला ओळखणारी माणसं मला भेटायला लागली. एकाने तर तिचं दूध प्यायल्याचं सांगितलं.

बाय टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत असलेल्या पेंढरवाडीची. माहेर शेणव्याचं. वाडीतल्या अंगणवाडीची ती बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते तिथेच राहिलं. महिन्यातून एकदा तालुक्याच्या बैठकीला ती मुरबाडला यायची तेव्हा तिच्या खांद्याला लोखंडी काटा अडकवलेला असायचा. घड्याळासारखी गोल तबकडी, वर कडी, खाली आकडा. त्या आकड्याला झोळी अडकवायची, झोळीत पोर ठेवायचं, आणि तबकडीवरची सुई सांगेल ते वहीत लिहायचं. गाडीत कितीही गर्दी असो, ती काटा फळीवर ठेवायची नाही. मांडीवर घ्यायची. मी म्हणायचो, "बाय, याचं तिकीट लागंल, पाच वर्षांवरचा दिसतो." ती म्हणायची, "वय इचारू नका, तो अजून दूध पितो."

एकदा गाडी बंद पडली म्हणून दीड तास मी तिच्या अंगणवाडीत बसून काढला, तेव्हा तिचं काम बघितलं. आधी तिने तुळईला काटा टांगला आणि त्याला नदीतला एक गुळगुळीत गोटा अडकवला. गोटा बरोबर दोन किलोचा होता, तो तिने मुरबाडला तोलून आणलेला. "पयला दगडाला इचारते," ती म्हणाली. "दगड खोटा बोलला तं मंग पोरांना हात लावत नाय." मग बाया पोरं घेऊन पुढे आल्या. आमच्याकडे तान्हं मूल तोलत नाहीत. तोललेल्याला दृष्ट लागते, वाढ खुंटते, असं जुनी माणसं सांगतात. बायने यावर तोडगा काढला होता. प्रत्येक आईने झोळीत मिठाचा एक खडा टाकायचा, म्हणजे दृष्ट मिठाला लागेल. आया खडा टाकायच्या, बाय पोर तोलायची आणि वहीत लिहिताना मिठाचं वजन वजा करायची. मी विचारलं, "बाय, खड्याचं वजन किती ते?" ती म्हणाली, "कायच नाय. पन त्यांच्यासमोर वजा केलं का त्या पुढल्या महिन्याला येतात."

त्या वहीत तिने प्रत्येक पोराला एक पान दिलं होतं. पानावर छापलेल्या वाकड्या रेघा, आणि त्यांवर तिचे ठिपके. ठिपके वर चढले की तिचा आवाज चढायचा, आणि मग ती पोराच्या आईला चहा पाजायची. ठिपका घसरला की आवाज अगदी खाली यायचा. तेव्हा ती आईला बाजूला घेऊन एकच गोष्ट तीन-तीन वेळा सांगायची. "हा पोर असा टिकायचा नाय गो. दवाखान्यात ने. मी येते संगती." तिच्या तोंडचं हे वाक्य वाडीत सगळ्यांना पाठ होतं. निदान त्याचा पहिला अर्धा भाग.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. म्हणजे झालं होतं, मुलगा, चौदा महिन्यांचा होऊन गेला. त्याच्यामागे चार वर्षांनी नवराही गेला. हे तिने मला टोकावड्याच्या थांब्यावर, ड्रायव्हर चहा पीत असताना, वांग्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. "आमाला वाटलं एका रात्रीत गेला," ती म्हणाली. "पन एका रात्रीत कोनी जात नाय, कंडक्टर. सा-सा महिने जात आसतो. बघायला कोन नसतं." मी त्यावर काहीच बोललो नाही. माझ्या बाबतीत हे इतकं दुर्मीळ होतं की ड्रायव्हरने ग्लास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

आता मुळातली गोष्ट सांगतो. तीस वर्षांत मी सांगितलेल्या गोष्टींत ही सगळ्यात लहान, आणि तिच्यात मी कसलीही भर घातलेली नाही. भर घालायची ती मी तेव्हाच घातली होती.

वैशाखातला बाजाराचा दिवस होता. गाडी खच्चून भरलेली, उकडून माणसं शिजायला आलेली. बाय पुढच्या बाकावर काटा मांडीवर घेऊन बसली होती. मागून कुणीतरी विचारलं, "हे काय धरलंय मावशीनं?" बाय उत्तर देणार एवढ्यात मी घंटीची दोरी धरून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालो, "त्या काट्याला साधा समजू नका. त्याला पोर टांगलं का दर खेपेला पाव किलो काटा खातो. म्हनून तं पोरं हलकी आनि काटा जड. उचलून बघा कुनीपन." गाडी हसली. उकाडा विसरून अशी हसली की छपरावरच्या कोंबड्या ओरडल्या. बायसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. "कंडक्टर," ती म्हणाली, "तुमी घंटी वाजवा."

महिना-दीड महिन्याने टोकावड्याच्या ढाब्यावर एक माणूस दुसऱ्याला सांगत होता. मी ओळखत नव्हतो दोघांनाही. "पेंढरवाडीच्या अंगणवाडीत काटा हाय. पोराचं अर्धा किलो खातो म्हनं दर खेपेला." तो हसत नव्हता. ऐकणाराही हसत नव्हता, त्याने फक्त भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला काय वाटलं ते लिहितो. मला आनंद झाला. माझी गोष्ट माझ्या गाडीतून उतरून पायी एवढी लांब आली, न सांगता पाव किलो वाढलीसुद्धा. मी त्यांच्या बाकावर सरकलो आणि म्हणालो, "अर्धा? मी तर एक किलो ऐकलंय."

अंगात खाकी होती माझ्या. हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या वर्षी भात पोटरीला आलं तेव्हा वाडीत पोरांना जुलाबाची साथ आली. पंधरा दिवसांत दोन मुलं गेली. दोघांचेही ठिपके बायच्या वहीत आधीच रेघेखाली गेले होते आणि दोघांच्याही आयांना तिने ते वाक्य तीन-तीन वेळा सांगितलं होतं. दुसरा गेला तो बाळूचा मुलगा. बाळू म्हणजे शेताच्या बांधावरून जातानासुद्धा चपला हातात घेणारा, कुणाला वर मान करून न बोललेला माणूस. त्याच्या बायकोला आता बायच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आठवला. हा पोर टिकायचा नाय. दुसरा अर्धा कुणालाच आठवेना.

भगताला बोलावलं. आमच्याकडचा भगत म्हणजे काही जटा वाढवलेला, डोळे फिरवणारा माणूस नव्हे. हा तर माझा रोजचा प्रवासी. खोकला झालेला, उंच, मवाळ माणूस, म्हाताऱ्या बायांना जागा देणारा. त्याने सुपात तांदूळ घेतले, चिमटी चिमटीने दाणे जमिनीवर ठेवले आणि जोड्या लावून मोजत गेला. सम आले की देवाचं, विषम आले की माणसाचं. विषम आले. मग तो म्हणाला, "बाई हाय. पोटचं आधी खाल्लेली हाय. लोखंडाला टांगून घेते." बास. नाव त्याने घेतलंच नाही. आमच्याकडे चेटकिणीला भुताळी म्हणतात, आणि भगत भुताळीचं नाव कधी घेत नाही. नाव गाव घेतं.

हे मला वाडीच्या शाळेतल्या सरांनी सांगितलं. ते मुरबाडहून रोज माझ्या गाडीने यायचे. त्या दिवशी ते बसले नाहीत, दारातल्या दांड्याला धरून उभे राहिले. "रविवारी सकाळी खळ्यावर गाव बसणार आहे," ते म्हणाले. "ती नाही म्हणतेय. तर ते म्हणतायत साक्ष आहे. सरकारी माणूस आहे साक्षीला." मी म्हणालो, "कोण?" सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचे तीन थांबे मी तिकिटं फाडायची विसरलो.

"तुमी चला," मी म्हणालो, "मी सांगतो त्यांना. एका वाक्याचं काम आहे."

रविवारी मी रजा टाकून गेलो. खळ्यावर गाव बसलं होतं. पुरुष कडेकडेने, बाया मागे भिंतीला धरून. मधे बाय, तिच्या पुढ्यात काटा आणि वही. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, बैठकीला मुरबाडला येताना नेसायची ते. मला बघून तिचा चेहरा उजळला. मी अजून तो चेहरा बघतो. तिला वाटलं, सुटका आली.

मी मधे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, ते काट्याचं मी गमतीने बोललो होतो. खोटं होतं ते. माझ्या मनाचं."

मग मागून एकजण म्हणाला, "आनि म्हैस?"

"कोणती म्हैस?"

"गाडीत चढलेली. ती पन खोटी?"

"तीही खोटी," मी म्हणालो.

"माज्या मेवन्यानं दूध प्यालंय तिचं," तो म्हणाला.

दोघं-तिघं हसले. मला वाटलं, हसले म्हणजे सुटलं. माझा आयुष्यभराचा अनुभव तसाच होता. पण बाळू उठून उभा राहिला. तो कधी उठून उभा राहत नसे. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "कंडक्टर, एक सांगा. म्हैस खोटी. ढाब्यावर किलोचं बोललाव ते खोटं. तुमी लय बोलता आनि समदं खोटं बोलता, मान्य. मंग आज बोलताव तेवढंच खरं, हे आमी कशावरनं धरायचं?"

मला तीस ओळींची उत्तरं तयार असतात. त्याला मी नुसतं "खरं बोलतोय, खरं बोलतोय" म्हणत राहिलो. माझा आवाज चढला, मग फुटला, आणि डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा भगत मवाळपणे, अगदी माझी कीव येऊन म्हणाला, "बघा रे. हा मानूस कदी रडताना बघितलाय कोनी? वैशाकात हसत व्हता, आज रडतो. काय केलं आसंल त्याला." आणि भिंतीलगतच्या बायांनी आपापली पोरं पदराखाली घेतली. माझ्याकडे बघून.

सर काहीतरी बोलायला लागले, जंत, दूषित पाणी, पण त्यांना कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात बाय उठली. ती घाबरलेली नव्हती. शाळेत उत्तर येत असलेलं पोर उठतं तशी उठली. तिने वही उघडली. "माज्याकडं लिवलेलं हाय," ती म्हणाली. "मी कदी काय घेतलं नाय. म्हैन्याच्या म्हैन्याला किती भरला, समदं लिवलेलं हाय. वाचते." तिला वाटलं, कागद बघितला की माणसं समजतील, पोर कसं हळूहळू सुकत गेलं, किती आधीपासून, आणि ती किती आधीपासून सांगत होती.

तिने बाळूच्या मुलाचं पान काढलं आणि बोट लावून मोठ्याने वाचलं. "जेठात सा किलो. आखाडात पावनेसा. सरावनात साडेपाच. भादव्यात सव्वापाच."

पाव. पाव. पाव.

तिलाही ते वाचून झाल्यावर ऐकू आलं असावं. तिचं बोट कागदावर तसंच राहिलं. वाऱ्याने वहीचं पान उलटलं तरी ती हलली नाही. माझ्या तोंडून गाडीतल्या उकाड्यात पाव किलो का आलं, अर्धा का नाही, छटाक का नाही, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. जिभेवर जे आलं ते आलं. बाळूच्या बायकोने भिंतीजवळून विचारलं, आणि तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, "मंग माजं पाऊन किलो कुठं गेलं गो बाय? दे ना."

तिला कुणी मारलं नाही. हे मी ठासून लिहितो, कारण पुढे ही हकिकत जिथे जिथे ऐकली तिथे तिच्यात दगड होते, चाबूक होते, एका ठिकाणी तर जाळही होता. झालं ते एवढंच की जाणत्या माणसांनी तिला दिवस मावळायच्या आत वाडी सोडायला सांगितलं. तिच्या घरातली भांडी बाहेर आणून ओळीने अंगणात मांडली, एकही न आपटता. काटा तिलाच गळ्यात अडकवायला लावला, कारण दुसरं कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. आणि ती वाडीतून बाहेर पडली तेव्हा ज्या पोरांना तिने अंगणवाडीतली सुकडी भरवली होती ती पोरं दारादारांतून आत ओढून घेतली गेली. दारं लागत गेली. एवढाच आवाज होता. तो आवाज मला कधी कधी गाडीचं दार आपटलं तरी ऐकू येई.

सर आणि मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आलो. थांब्यावर ती खाली बसली. तासभर गाडी आली नाही. मी दहा वेळा तोंड उघडलं. शेवटी तीच बोलली.

"नथूची धाकटी घसरून पाच किलोवर आलेय," ती म्हणाली. "आता तिच्याकडं कोन बघनार?"

मग उंबरमाळीला तिची बहीण असते तिकडे जायला ती निघाली. गाडीवरचा कंडक्टर माझा ओळखीचा होता. तिने काटा मांडीवर घेतला नाही. थांब्यावरच सोडून गेली.

नंतर कितीतरी दिवस सर आणि मी टोकावड्याला चहा प्यायला थांबलो की दुसरंच काही बोलायचो. एकदा ते आपणहून म्हणाले, की हे फक्त आपल्याकडेच झालंय असं समजू नका. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात हेच चाललं होतं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर, न्यायाधीश आणि शिक्के लावून. कुणाची गाय आटली, कुणाचं मूल गेलं, की एखादी शेजारीण धरायची. काही गावांत तर तिला तराजूत बसवायचे. चेटकीण उडते, म्हणजे हलकी असणार, असा हिशोब. एखाद्या गावचा तोलणारा प्रामाणिक असला तर तो दाखला लिहून द्यायचा, की ही बाई माणसाच्या वजनाची आहे, आणि तेवढ्यावर ती वाचायची.

"म्हणजे तिकडे काट्याने वाचवली," मी म्हणालो.

"क्वचित कुठे," सर म्हणाले. "त्या खटल्यांचे कागद अजून आहेत. साक्षीदारांची नावं आहेत."

"काय सांगायचे साक्षीदार?"

"बहुतेक एकच. लोक म्हणतात, असं."

मी विचारलं, "लोक म्हणजे कोण?" सरांनी चहा संपवला आणि ग्लास उलटा ठेवला.

नथूच्या धाकटीचं सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर आठवड्याभराने पहिल्या गाडीला एक बाई मागच्या बाकावर येऊन बसली. पदर पार नाकाखाली, कुशीत पोर. मुरबाडचं तिकीट मागितलं. मी तिला ओळखलं आणि तिनेही मला ओळखलं, पण आम्ही दोघांनी ते दाखवलं नाही. मुरबाडला ती उतरली आणि दवाखान्याच्या दिशेने चालायला लागली. तीन आठवडे ती अशीच दिसत होती, कधी जाताना, कधी येताना. चौथ्या आठवड्यात पोर तिच्या कुशीत न राहता खिडकीची दांडी चोखत होतं. दवाखान्यात पोर काट्यावर ठेवतात हे वाडीत कुणाला कळलं असतं तर बाईचं काय झालं असतं देव जाणे. अख्ख्या आयुष्यात मी कुणालाही न सांगितलेली अशी ही एकच गोष्ट. ती मुलगी आता लग्न होऊन लांब गेली, म्हणून आज लिहितो.

नव्या सहस्रकात माझी बदली शहापूरला झाली. एका सुट्टीच्या दिवशी दुपारच्या गाडीने मी उंबरमाळीला उतरलो. वर्षं दहा-अकरा झाली होती. स्टेशनमागच्या टेकाडावर तिच्या बहिणीचं घर, कुडाचं, सारवलेलं. बाय ओट्यावर वाल सोलत बसली होती. केस सगळे पांढरे, बाकी तीच. मी पुढे जाऊन उभा राहिलो तर माझ्या दंडाकडे बघायच्या ऐवजी ती जमिनीकडे बघत राहिली. मी "बाय" म्हणालो तेव्हा आवाजावरून ओळखलं. "कंडक्टर," म्हणाली, "बसा."

मी तिला नथूच्या धाकटीचं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात थांबवून. मग वालाचा एकेक दाणा पुन्हा सोलायला लागली, पण सालं आणि दाणे तिने एकाच टोपलीत टाकले. तेवढ्यात बहिणीची नात, दीड-दोन वर्षांची, दुडदुडत ओट्याकडे आली. बायने पदर डोळ्यांवरून खाली ओढला आणि पोर आत जाईपर्यंत तशीच बसून राहिली. घरातल्या कुणाला त्यात काही वाटलं नाही, म्हणजे हे रोजचं होतं. बहिणीने आतून सांगितलं, "आमी काय बोलत नाय वो तिला. तिचं तीच करते."

"बाय," मी म्हणालो, "हे कशाला?"

"उगाच कशाला," ती म्हणाली. खालून एक मालगाडी कसाऱ्याकडे चढली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ती थांबली. मग आवाज अगदी खाली आणून, ज्या आवाजात ती आयांशी बोलायची त्या आवाजात, तिने विचारलं, "एक इचारू? तुमी लय गावं हिंडलाव, लय मानसं बघितलीव. माज्यात काय आसंल का वो? मला ठाव नसताना?"

मी म्हणालो, "नाय."

एवढंच म्हणालो. पुढे काही जोडलं नाही, मागे काही लावलं नाही. आयुष्यात बोललेलं ते माझं सगळ्यात आखूड आणि सगळ्यात खरं वाक्य असेल. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग हसली, पदर तोंडाला न लावता.

"तुमी मानूस चांगलं," ती म्हणाली. "कुनाला वाईट वाटंल आसं तुमी कदी बोलनार नाय."

आणि मला गुळाचा चहा करायला आत गेली.